माघारीतल्या पलटणीचा माग काढताना नाव सगळ्यात शेवटी शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पणजोबा सांगोला तालुक्यातले, पहिल्या महायुद्धात ‘बगदादच्या बाजूला’ गेले, 1919 च्या सुमाराला गावी परतले. घरात त्यांचं एक पदक आहे, त्यावर 117 आकडा दिसतो. आजी सांगायची की बगदाद हाताशी आलं असताना पलटण माघारी फिरवली, पाण्याविना हाल झाले, घोड्याचं मांस खावं लागलं आणि त्यापायी गावाने परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यायला लावलं. तुम्ही दोन-चार संकेतस्थळांवर नाव टाकून बघितलं, काही हाती लागलं नाही. माघारीच्या दिवसांत ते रोज कुठे होते हे कागदांवरून कळेल का, असं विचारलंय.

त्यांची पलटण रोज कुठे होती हे बहुतेक कळेल. त्यांचं स्वतःचं नाव त्या आठवड्याच्या कुठल्याही पानावर असण्याची आशा ठेवू नका. लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसात नोकरीची वर्षं काढल्यामुळे आणि निवृत्तीनंतर सोलापुरात बसून अशी बरीच घराणी हाताळल्यामुळे सांगतो, की नावापासून सुरुवात करणारे शंभरातले नव्वद पहिल्याच फाटकाशी अडतात. शिपायाचं नाव साहेबाच्या कारकुनाने ऐकून लिहिलेलं, गावाचं नाव त्याहून वाईट, आणि तुमचा जिल्हा सगळीकडे ‘शोलापूर’. आधी पलटण पक्की करा, मग तारखा आणि जागा, मग माणूस कुठल्या वाटेने गेला असेल ते, आणि सगळ्यात शेवटी नाव.

पदकापासून सुरू करू. ते ताऱ्याच्या आकाराचं, काशाचं असेल तर तो ‘1914-15 स्टार’. त्याच्या सपाट पाठीवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. गोल पदक असेल तर हाच मजकूर कडेवर असतो, तिकडे लोक बघतच नाहीत. कृपा करून पितांबरी किंवा चिंच लावून घासू नका. तीन पिढ्यांच्या दसऱ्यांना घासघासून अर्धी अक्षरं आधीच गेलेली असतात. अंधाऱ्या खोलीत पदक टेबलावर ठेवा, मोबाइलची बॅटरी अगदी आडवी, टेबलाला टेकवून धरा आणि दुसऱ्या मोबाइलने फोटो काढा. खोल ठोकलेल्या अक्षरांची सावली पडते आणि बोटाला न लागणारी अक्षरं फोटोत दिसतात. प्रकाशाची दिशा बदलून चार फोटो घ्या. सगळ्यात मोलाचा असतो तो नंबर. नाव पाच प्रकारे लिहिलं जाईल, नंबर एकाच प्रकारे. राजाचं डोकं असलेलं गोल पदक, म्हणजे ‘ब्रिटिश वॉर मेडल’, चांदीचं नसून काशाचं निघालं तर माणूस बहुधा लढाऊ शिपाई नव्हता, पलटणीमागे चालणाऱ्या ‘फॉलोअर’ लोकांतला होता. हे पदक त्यांना काशाचं मिळे. पंखवाल्या देवीचं गोल पदक, ‘व्हिक्टरी मेडल’, मात्र सगळ्यांचंच काशाचं असे, त्यावरून काही ठरवू नका. त्यात कमीपणा मानू नका, पण शोधाची दिशा मात्र बदलते.

117 म्हणजे 117 वी मराठा पलटण, असं धरून चालू. 1922 च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन झाली, 103 वी झाली पहिली आणि 110 वी तिसरी. या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. 117 वी सोळाव्या ब्रिगेडमध्ये, 103 वी सतराव्या, 110 वी अठराव्या. हे क्रमांक वहीत लिहून ठेवा, जुने कागद ब्रिगेडवार लावलेले असतात. एक अडचण सांगून ठेवतो. सलमान पाकच्या लढाईसाठी टाउनशेंडने फौज अ, ब, क अशा कॉलमांत आणि एका फिरत्या तुकडीत नव्याने वाटली होती, आणि कॉलम म्हणजे ब्रिगेड नव्हे. त्यामुळे 22 नोव्हेंबरच्या कागदात ‘सोळावी ब्रिगेड’ शोधत बसलात तर पलटण भलतीकडेच सापडेल. त्या दिवसापुरतं कॉलमचं वाटप आधी बघा.

आता त्या पंधरवड्याचा सांगाडा. इंग्रज ज्याला टेसिफॉन म्हणतात, त्या सलमान पाकला 22 नोव्हेंबर 1915 ला हल्ला झाला. पहिली तुर्की फळी घेतली, पण नुकसान इतकं की पुढे जाण्याची ताकद उरली नाही. टाउनशेंडच्या फौजेतले सुमारे साडेचार हजार मेले किंवा जखमी झाले. 25 च्या संध्याकाळी माघार सुरू झाली आणि फौज रातोरात लज्जला आली. 27 ला तिथून निघून 28 च्या सकाळी अझीझिया. 30 ला पुढे निघून उम्म-अत-तुबूलला मुक्काम. 1 डिसेंबरच्या पहाटे उजाडलं तेव्हा समोर तुर्की तळ होता, रात्री दोघांनाही कळलं नव्हतं इतका जवळ. तिथे लढून मोकळं झाल्यावर फौज त्याच दिवशी 25 मैलांहून अधिक चालली. 3 डिसेंबरला सगळे कुटात, म्हणजे तैग्रिस नदीकाठच्या कुट गावात. एकूण अंतर 80 ते 90 मैल, म्हणजे सोलापूरहून पंढरपूरला पायी जाऊन परत येण्याइतकं, फक्त पाठीवर शत्रू आणि निम्मी चाल रात्रीची.

हा सांगाडा कुठल्याही इतिहासात मिळतो. तुमच्या पलटणीची डायरी मिळाली तरी याच आठवड्यात ती सगळ्यात पातळ असते, आणि ते का हे समजल्याशिवाय ती वाचताच येत नाही.

वॉर डायरी, म्हणजे पलटणीची युद्धातली रोजची नोंदवही, ‘आर्मी फॉर्म सी. 2118’ या छापील कागदावर लिहीत. जागा, तारीख, वेळ, मग घडामोडींचा सारांश आणि शेवटी शेरा. लिहिणारा बहुधा अॅड्जुटंट, म्हणजे पलटणीचा कारभार बघणारा तरुण अधिकारी. आगेकूच चालू असताना तो रोज संध्याकाळी लिहितो. माघारीत त्याला संध्याकाळ मिळत नाही, किंवा तोच जखमी होऊन बोटीवर गेलेला असतो आणि दुसरा कोणीतरी चार दिवसांचं एकदम लिहून काढतो. हे ओळखायला शिका. तीन-चार तारखांना एकच शाई, एकच हस्ताक्षर, सलग उतार आणि ‘वेळ’चा रकाना रिकामा, असं दिसलं की ते पान नंतर लिहिलेलं आहे. त्यातला घटनांचा क्रम विश्वासाचा, तास नाहीत. रात्रीच्या चालीत तारीखही घसरते. एक पलटण लज्जला पोचल्याची नोंद 25 ला करते, शेजारची 26 ला, आणि दोघी खऱ्या असतात, कारण मध्यरात्र वाटेत झालेली असते.

त्यात तुमची पलटण पुढे कुटात अडकली. वेढा 7 डिसेंबरपासून 29 एप्रिल 1916 पर्यंत, जवळपास पाच महिने. शरण जाण्याआधी तोफा, दारूगोळा आणि महत्त्वाचे कागद नष्ट केले गेले. डायरी तुटक निघाली तर नवल करू नका, आणि तिच्यावर विसंबूही नका.

विसंबायचं ते तारांवर. पलटणीचा कागद एकच असतो, तारेची प्रत चार कचेऱ्यांत उरते. टाउनशेंड बसऱ्याच्या बाजूला जनरल निक्सनला तार करायचा, निक्सन भारतातल्या लष्करी मुख्यालयाला, तिथून लंडनला. या सगळ्यांवरून भारतातल्या मुख्यालयाने मेसोपोटेमियाच्या मोहिमेची, म्हणजे ‘इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स डी’ची, वेगळी डायरी छापून ठेवली. ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर मोफत नोंदणी करून सोलापुरात बसून शोध घेता येतो. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एल/मिल/17/5’ या क्रमांकाखाली तीच माळ आहे, आणि पलटणी-ब्रिगेडच्या मूळ डायऱ्या लंडनमधल्याच क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यू.ओ. 95’ या मालिकेत. दिल्लीचं आधी बघा. लंडनच्या प्रतींना पैसे पडतात आणि पहिल्या फेरीत त्यांची गरज पडत नाही.

तारा वाचताना पाठवल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ दोन्ही उतरवा. 1 डिसेंबरच्या गोंधळात त्या दोन्हींतलं अंतरच तुम्हाला सांगतं, की वरच्या साहेबाला परिस्थिती किती उशिरा कळत होती. शिवाय शेजारच्या पलटणींच्या डायऱ्या वाचा. माघारीत पिछाडी सांभाळणाऱ्या तुकडीला पुढचे कुठवर पोचले याची सारखी काळजी असते, म्हणून तुमच्या पलटणीची नेमकी जागा पुष्कळदा दुसऱ्याच्याच कागदात सापडते. तिसावी ब्रिगेड याचं चांगलं उदाहरण. ती जनरल मेलिसच्या हाताखाली कुटची वाट मोकळी ठेवायला पुढे गेली होती आणि तिला उम्म-अत-तुबूलला उलटं बोलावलं. त्यामुळे ती एका टप्प्यावर बाकी सगळ्यांच्या विरुद्ध दिशेने चालताना दिसते. वाचणाऱ्याला वाटतं तारीख चुकली. चुकलेली नसते.

पलटणीचे छापील इतिहास वाचायला हरकत नाही, पण त्यांना साक्षीदार समजू नका. विजयाला वीस पानं आणि माघारीला ‘शिस्तीने मागे आली’ एवढं एकच वाक्य, हा त्यांचा स्वभाव आहे. ब्रिटिश सरकारने 1917 मध्ये प्रसिद्ध केलेला मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल त्या मानाने फार उघडा बोलतो, विशेषतः जखमींच्या हालांबद्दल. स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत, तिथून उघड्या बार्जांवर दिवसेंदिवस, असं सगळं त्यात साक्षींसह आहे.

आकड्यांकडे येऊ. पानिपतानंतरचं ते पत्र आपण शाळेपासून ऐकत आलोय: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. वॉर डायरीची रीत तीच. गोरा अधिकारी पडला तर नाव, हिंदी सुभेदार-जमादाराचं नाव कधी असतं कधी नसतं, आणि शिपाई म्हणजे ‘आय.ओ.आर.’ (इंडियन अदर रँक्स) या तीन अक्षरांपुढचा आकडा. बसऱ्याच्या स्मारकावरही अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांची पलटणवार नुसती संख्या. पण हा आकडाही बोलतो, त्याला बोलतं करावं लागतं. समजा लढाईआधीच्या हजेरीत 700 माणसं आहेत, लढाईनंतर 250 मेलेले-जखमी, आणि कुटात शिरताना हजेरी 400. मग 50 माणसं वाटेत कुठे गेली? काही ‘बेपत्ता’ म्हणून दाखवलेली असतील, काही आजारी होऊन बोटीवर चढलेली, आणि काही दुसऱ्याच तुकडीबरोबर चालत येऊन दोन दिवसांनी परत हजर झालेली. माघारीतला ‘बेपत्ता’ हा शब्द मेला असा वाचू नका. हे 700 आणि 400 मी समजावण्यापुरते घेतलेत, तुमच्या पलटणीचे तुम्ही काढा.

आता पणजोबा. 22 नोव्हेंबरनंतर त्यांच्यापुढे दोनच मोठ्या वाटा होत्या. जखमी झाले असते तर नदीमार्गे बसऱ्याला आणि बहुधा पुढे मुंबईच्या इस्पितळात. असा माणूस कुटात नसतो. बरा झाल्यावर तो पुन्हा मेसोपोटेमियात जातो, पण त्याची मूळ पलटण वेढ्यात असल्यामुळे त्याला कुठल्यातरी मिश्र पलटणीत घालतात. नॉरफोक आणि डॉर्सेट या गोऱ्या पलटणींच्या उरल्यासुरल्या माणसांची मिळून ‘नॉर्सेट्स’ झाली, मराठ्यांचीही अशी मिश्र पलटण उभी राहिली. ‘आजोबा दोनदा बगदादला गेले’ असं काही घरांत सांगतात, त्याचा अर्थ बहुधा हा असतो. दुसरी वाट म्हणजे माघारीत चालत कुट, मग वेढा, मग कैद.

आजीचं बोलणं इथे कागदापेक्षा जास्त कामाला येतं. तुम्ही ते सगळं माघारीच्या आठवड्यात कोंबलंय, तसं ते नाही. पाण्याचे हाल सलमान पाकच्या रणांगणाला आणि लांब चालींना जुळतात, कारण फळी नदीपासून दूर होती. ‘बगदाद हाताशी आलं’ हेही तिथलंच. बगदाद तिथून वीसेक मैलांवर, डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतं, पण सलमान पाकची ती प्रचंड जुनी कमान सगळ्यांना दिसत होती. ‘मोठी कमान’ असं काही आजी म्हणायची का, घरातल्या जुन्या माणसांना विचारा. घोड्याच्या मांसाची गोष्ट मात्र माघारीतली नव्हेच. ती वेढ्यातली. हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारलं. भारतातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी बहुतेकांनी हात लावला तो 1916 च्या एप्रिलमध्ये, शिधा अगदी संपत आल्यावर. गावाने प्रायश्चित्त घ्यायला लावलं ही आठवण खरी असेल तर पणजोबा जखमी होऊन बोटीवर गेलेले नाहीत. ते चालत कुटात आले, शेवटपर्यंत वेढ्यात होते, 29 एप्रिलला कैद झाले आणि युद्ध संपल्यावर सुटले. 1919 ला परतणं यात चपखल बसतं. हिंदी कैद्यांतले पुष्कळ जण रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर होते. घरात कुणी ‘रेल्वेची खडी फोडली’ असं काही सांगत असेल तर ते टाकाऊ समजू नका.

तुर्की बाजूची नोंद मिळाली तर तारखा जपून लावा. त्यांची लष्करी कालगणना आपल्या 13 दिवस मागे आणि वर्षही वेगळं, 22 नोव्हेंबर 1915 म्हणजे त्यांचा 9 तिश्रीन-सानी 1331. पण ती बाजू वाचण्यासारखी आहे, कारण सलमान पाकहून तुर्की सेनापती नुरुद्दीनची फौजही दियाला नदीकडे मागे सरकली होती. इंग्रज निघाल्याचं कळल्यावर ती वळली. दोन्ही फौजा एकमेकींकडे पाठ करून काही तास चालत होत्या, हे फक्त इंग्रजी डायरी वाचून कधी कळत नाही.

आता नाव. पणजोबा जिवंत परतले, म्हणून राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत ते नाहीत. तिथे त्यांचे सोबती शोधा. संकेतस्थळावर पलटण 117 मराठा आणि मृत्यूची तारीख 22 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर 1915 अशी चाळणी लावा, यादी एक्सेलमध्ये उतरवून तारखेप्रमाणे लावा. कुठल्या दिवशी किती पडले याचा आलेख तुमच्या डोळ्यांसमोर येतो, आणि तो डायरीशी ताडून बघता येतो. काही नावांपुढे वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही असतो. सांगोला, माळशिरस, करमाळा यांची नावं इंग्रजीत वेगवेगळ्या प्रकारे लिहून बघा. ‘शिंदे’चे तीन, ‘पवार’चे चार प्रकार होतील. त्याच गावचा, त्याच पलटणीचा, मागचा-पुढचा नंबर असलेला कुणी सापडला तर दोघं एकाच भरतीत गेले असं समजायला जागा आहे. जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं संकेतस्थळावर ठेवली आहेत, तिथेही एकदा नंबर आणि पलटणीवरून बघा. तुर्कांकडच्या हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र फार भरवसा ठेवू नका.

भारतातलं वैयक्तिक रेकॉर्ड लंडनला नाही, ते पलटणींकडेच राहिलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आणि रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. त्यांना पत्र लिहिताना ‘माझ्या पणजोबांची माहिती द्या’ असं लिहू नका. नंबर, हुद्दा, पलटणीचं जुनं नाव आणि ‘लाँग रोलमध्ये नोंद आहे का’ एवढंच विचारा. शीट रोल, म्हणजे एकेका शिपायाचा कागद, ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. लाँग रोल हे रजिस्टर असतं आणि ते राखतात. पदकाचे फोटो जोडा. पत्र आधी सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला दाखवा, अशा पत्राला योग्य पत्ता आणि योग्य शब्द तिथे कुणी ना कुणी सांगतं.

घरचे कागद मात्र तुम्ही अजून उघडलेलेच दिसत नाहीत. जुन्या ट्रंकेत पेन्शनचा किंवा डिस्चार्जचा कागद आहे का बघा, त्यावर भरतीची तारीख असते. गावात चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत ‘या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके मेले’ अशी पाटी असू शकते. चुना फासून झाकलेली असते, म्हाताऱ्यांना विचारा. सांगोला तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनी कोतवाल बुकं असतात, गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींची. कुणबी नोंदींच्या शोधापायी अलीकडे जिल्ह्याजिल्ह्यांत ही दप्तरं बाहेर काढली गेली, मोडी वाचणारे बसवले गेले, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीपेक्षा आज ती मिळणं सोपं आहे. पणजोबांच्या मृत्यूची नोंद तिथे मिळाली तर नाव कसं लिहीत ते कळेल, आणि तेच इंग्रजीत कसं झालं असेल त्याचा अंदाज बांधता येईल.

पुढच्या वेळी विचाराल तेव्हा पदकावरचा नंबर कळवा. आणि 117 नंतर नेमकी कोणती अक्षरं आहेत तेही नीट बघा. नुसता आकडा असेल तर तो शिपायाचा नंबरही असू शकतो, मग वरचं निम्मं पुन्हा नव्याने मांडावं लागेल.